सलग आठ आठवडे

युद्धग्रस्त भागातल्या कुपोषित मुलांचा विषय निघाला की ठरलेली दृश्ये डोळ्यांपुढे येतात. बरगड्या दिसणारे मूल, गोण्यांनी लादलेले ट्रक, विमानातून पडणारी खोकी. अन्न नव्हते म्हणून मूल खंगले, अन्न पोहोचले की मूल वाचेल, असे हे सोपे समीकरण. ते कळवळ्यातून आलेले असल्यामुळे त्याला प्रश्न विचारायला कोणी धजत नाही. पण ते उथळ आहे, आणि त्याच्या उथळपणाची किंमत मुलांनाच मोजावी लागते.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे. अतितीव्र कुपोषण हा आजार आहे. त्यावरचा उपचार साधारण सहा ते आठ आठवडे चालतो आणि खंड न पडता झाला तरच लागू पडतो. युद्ध मुलांच्या तोंडचा घास हिरावते हे खरेच, पण त्याहून घातक गोष्ट म्हणजे ते उपचाराचे सातत्य तोडते. म्हणून मदतीची आखणी, मदतीचा हिशेब आणि मदत अडवणाऱ्यांची जबाबदारी या तिन्ही गोष्टी टनांत मोजणे थांबवून आठवड्यांत मोजायला हव्यात.

१. हा आजार आहे, नुसती भूक नव्हे

दीर्घ उपासमारीत लहान मुलाचे शरीर तग धरण्यासाठी सगळे व्यवहार आवरते घेते. हृदयाचे ठोके क्षीण होतात, मूत्रपिंडांचे काम मंदावते, आतड्यांचे अस्तर विरत जाते, अंग गार पडते. जंतुसंसर्ग झाला तरी पुष्कळदा ताप येत नाही, कारण ताप आणण्याइतकीही ताकद शरीरात उरलेली नसते. अशा मुलाच्या मृत्यूचा धोका धडधाकट मुलाच्या सुमारे अकरा पट असतो. ते बहुतेकदा भुकेने मरत नाही. ज्या जुलाबातून किंवा न्यूमोनियातून शेजारचे मूल आठवड्यात उठून खेळायला लागते, त्यात ते जाते.

अशा मुलाला दयेपोटी एकदम पोटभर खाऊ घातले तर ते दगावू शकते. अचानक आलेले अन्न पचवताना रक्तातल्या क्षारांचे गणित बिघडते आणि थकलेले हृदय बंद पडते. म्हणून रुग्णालयात दाखल झालेल्या मुलाला आधी एफ-७५ हे पातळ दूध दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असतात, प्रथिने आणि मीठ जाणूनबुजून कमी ठेवलेले असते. मूल स्थिरावले की मगच एफ-१०० हे अधिक सकस दूध किंवा घट्ट आहार. या आजाराचे वैद्यकीय ज्ञान मुळात युद्धातच मोठ्या किमतीने मिळालेले आहे. १९४२ मध्ये वॉर्सा घेट्टोतल्या ज्यू डॉक्टरांनी, स्वतः उपाशी असताना, आपल्या रुग्णांवर भुकेचे होणारे परिणाम शिस्तीने नोंदवले. त्यांतले बहुतेक जण नंतर मारले गेले, पण हस्तलिखित बाहेर पडले आणि १९४६ मध्ये छापले गेले.

आजाराची ओळख मात्र अगदी साध्या साधनांनी होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडावर, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, रंगीत पट्टी गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर पट्टीचा लाल भाग दिसतो, म्हणजे मूल अतितीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यावर हिरवा. मग दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबायचे. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला तर अंगावर सूज आहे, आणि गुबगुबीत दिसणारे ते मूल प्रत्यक्षात गंभीर आजारी आहे. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना ही दंडघेराची पट्टी आणि ‘सॅम’ (अतितीव्र कुपोषण), ‘मॅम’ (मध्यम तीव्र कुपोषण) हे शब्द चांगले परिचयाचे आहेत.

२. उपचार घरी आला, आणि त्याचा भार रस्त्यावर पडला

१९६७ ते १९७० या काळात नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राची नाकेबंदी झाली. सुजलेल्या पोटांच्या मुलांची छायाचित्रे तेव्हा पहिल्यांदाच जगभरच्या घराघरांत गेली. रात्रीच्या अंधारात उलीच्या धावपट्टीवर मदतीची विमाने उतरवण्याचे धाडस चर्च संघटनांनी केले. तिथे काम केलेल्या फ्रेंच डॉक्टरांपैकी काहींच्या पुढाकाराने १९७१ मध्ये ‘मेदसाँ साँ फ्राँतिए’ ही संस्था उभी राहिली. आजच्या मानवतावादी मदतीचे बरेचसे रूप त्या युद्धात घडले, आणि मदत म्हणजे विमानातून उतरणारे टन, ही कल्पनाही त्याच काळात रुजली.

त्यानंतरची तीस वर्षे उपचार म्हणजे तंबूतले पोषण केंद्र. आईने आजारी मुलाला घेऊन तिथे तीन-चार आठवडे राहायचे. बाकीची मुले घरी कोणाच्या भरवशावर, पेरणी कोण करणार, याचे उत्तर कोणाकडे नसे. शेकडो अशक्त मुले एका छताखाली आली की गोवर आणि जुलाब हातपाय पसरत. पुष्कळ आया यायच्याच नाहीत, आल्या तरी अर्ध्यातून निघून जात.

१९९६ मध्ये आहारतज्ज्ञ आंद्रे ब्रिआँ आणि ‘न्यूट्रिसेट’ कंपनीचे मिशेल लेस्कान यांनी एफ-१०० च्या दुधाचाच गुण शेंगदाण्याच्या लगद्यात आणला. शेंगदाणे, दूधभुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि क्षार. पुडी ९२ ग्रॅमची, तिच्यात ५०० कॅलरी. पाणी मिसळायचे नाही, त्यामुळे घाण पाण्यातले जंतू शिरत नाहीत. शिजवायचे नाही, त्यामुळे सरपण लागत नाही. पुडीचा कोपरा फाडला की मूल स्वतः चोखून खाते. त्यानंतर स्टीव्ह कॉलिन्स या डॉक्टराने इथिओपियात आणि पुढे सुदानमध्ये दाखवून दिले की, ज्या मुलाला भूक लागते आणि दुसरी गुंतागुंत नाही, त्याला दाखल करण्याची गरजच नाही. आठवड्याला एकदा केंद्रावर यायचे, वजन आणि दंडघेर बघायचा, प्रतिजैविकाचा कोर्स द्यायचा, आठवड्याच्या पुड्या घेऊन घरी जायचे. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी हीच पद्धत अधिकृतपणे मान्य केली.

बालआरोग्यातली ही फार मोठी झेप होती आणि तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण तिचा एक परिणाम पुरेसा लक्षात घेतला गेला नाही. आधी एक इमारत सुरक्षित ठेवावी लागे, आता दर आठवड्याला रस्ता उघडा राहावा लागतो. मूल बरे झाले असे ठरवण्याची कसोटीच बघा: दंडघेर सलग दोन भेटींत साडेबाराच्या वर आणि सलग दोन आठवडे अंगावर सूज नाही. पुडी कितीही गुणकारी असली तरी ‘सलग’ हा शब्द ती स्वतः पुरा करू शकत नाही. क्षयाचा कोर्स अर्धवट सुटला तर काय होते हे मराठी वाचकाला सांगायला नको. इथेही तिसऱ्या आठवड्यात उपचार तुटलेले मूल थोडे सुधारून पुन्हा त्याच घरात, त्याच पाण्याकडे, त्याच रिकाम्या चुलीकडे परतते आणि पुन्हा घसरते.

३. युद्ध नेमके काय तोडते

सातत्याचे चार दुवे असतात: रस्ता, माणूस, कुटुंब आणि पुरवठा. यांतला एक तुटला तरी उपचार थांबतो. सुदानमध्ये चारही तुटताना जगाने पाहिले.

एप्रिल २०२३ मध्ये सुदानी सैन्य आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली. पहिल्याच काही आठवड्यांत खार्टुममधला सामिल कारखाना जळाला. देशातल्या कुपोषित मुलांसाठी लागणाऱ्या उपचारी आहाराचा निम्म्याहून अधिक भाग तिथे तयार होत असे. पाठवायला तयार असलेली सुमारे साडेचौदा हजार खोकी यंत्रांसकट खाक झाली. एका मुलाच्या पूर्ण उपचाराला साधारण एक खोके लागते. सुदान हा जगातल्या मोठ्या भुईमूग पिकवणाऱ्या देशांपैकी एक आहे. शेंगा शेतात होत्या, पुडी मात्र आता सीमेपलीकडून आणावी लागणार होती.

ती सीमाही मोकळी नव्हती. चाडमधून दारफुरमध्ये शिरणारा आद्रेचा नाका सुदान सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मदतीसाठी बंद केला आणि ऑगस्टमध्ये उघडला. पश्चिम दारफुरला पोहोचण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग, आणि मधले महिने नेमके पावसाळ्याच्या तोंडाशी येणारे, जेव्हा घरातले धान्य संपते आणि कोरड्या ओढ्यांना पूर येऊन रस्ते बुडतात.

दारफुरमधल्याच एल फाशेर शहराजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दर दोन तासांना एक मूल दगावत असावे, असा अंदाज ‘मेदसाँ साँ फ्राँतिए’ने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केला होता. मे महिन्यात शहराला वेढा पडला. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने झमझममध्ये दुष्काळ असल्याचे घोषित केले. त्यानंतर मदत वाढायला हवी होती. घडले असे की औषधे आणि पुड्यांचे ट्रक अडवले गेल्यामुळे ऑक्टोबरमध्ये ‘मेदसाँ साँ फ्राँतिए’ला छावणीतल्या पाच हजार कुपोषित मुलांचा घरी राहून चालणारा उपचार थांबवावा लागला. त्यांतली २,९०० मुले अतितीव्र कुपोषित होती. ही मुले शोधून झाली होती, तपासून झाली होती, त्यांचे कार्ड तयार होते, उपचार सुरू होता. इथे अज्ञान आड आले नाही, डॉक्टर कमी पडला नाही. पुढच्या आठवड्याची पुडी आली नाही, इतकेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये छावणीतले इस्पितळ बंद करावे लागले, एप्रिलमध्ये हल्ला होऊन छावणीच उठली, आणि ऑक्टोबरमध्ये एल फाशेर पडले. वेढ्याच्या शेवटच्या महिन्यांत शहरातले लोक ‘अंबाझ’ खाऊन दिवस काढत होते. अंबाझ म्हणजे तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड, जी एरवी गुरांपुढे टाकतात.

माणसाचा दुवा कसा तुटतो हे अफगाणिस्तानात दिसते. तिथे आईशी बोलणे, बाळाला तपासणे, स्तनपानाबद्दल समजावणे हे काम बाईच करू शकते. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने स्वयंसेवी संस्थांमध्ये काम करायला स्त्रियांना बंदी घातली. आरोग्याच्या कामाला पुढे सवलत मिळाली तरी मधल्या काळात अनेक संस्थांना काम थांबवावे लागले. पुड्या गोदामात होत्या, पण त्या कोणाला द्यायच्या हे ठरवणारी बाई घरी बसवलेली होती.

४. टनांचा हिशेब का फसवतो

पहिली गोष्ट अशी की अन्न असूनही मुले कुपोषित होतात. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये मांडले होते की दुष्काळात बहुधा धान्यापेक्षा ते मिळवण्याची माणसाची क्षमता संपलेली असते. येमेनने याचा पुरावा दिला. तो देश आपला बहुतेक गहू आयात करतो आणि त्यातला मोठा भाग होदेदा बंदरातून येतो. ऑगस्ट २०१५ मध्ये हवाई हल्ल्यात त्या बंदरातल्या क्रेन निकामी झाल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये मध्यवर्ती बँक सानाहून एडनला हलवली गेली आणि देशातल्या असंख्य सरकारी नोकरांचे पगार थकले. त्यांत शिक्षक होते आणि नर्सही होत्या. बाजारात पिठाची पोती होती, ती घ्यायला खिशात पैसा नव्हता. सांडपाण्याचे आणि पाण्याचे पंप बंद पडले, २०१७ मध्ये कॉलऱ्याचे संशयित रुग्ण दहा लाखांच्या घरात गेले. कुपोषण आणि जुलाब एकमेकांना खतपाणी घालतात. अशा देशात किती टन गहू उतरला हा आकडा मुलाच्या दंडाबद्दल फारच थोडे सांगतो.

गाझात हा फसवा हिशेब आणखी उघडा पडला. २ मार्च २०२५ पासून सुमारे अकरा आठवडे तिथे काहीच आत जाऊ दिले गेले नाही. मेअखेरीस खासगी संस्थेमार्फत मोजक्या चार ठिकाणी खोकी वाटायला सुरुवात झाली. पीठ, डाळी, पास्ता, तेल. ते शिजवायला पाणी आणि इंधन हवे, ते आणायला गर्दीतून आणि गोळीबारातून जाण्याइतका धट्टाकट्टा माणूस हवा. सहा महिन्यांचे बाळ कडेवर घेतलेली बाई तिथे पोहोचत नव्हती, आणि तिच्या बाळाला लागणारे त्या खोक्यात काही नव्हते. रोज किती जेवणे वाटली याचे आकडे प्रसिद्ध होत राहिले. २२ ऑगस्टला गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ असल्याचे निश्चित झाले.

दुसरी गोष्ट खुद्द उपचाराच्या आकडेवारीची. ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे चांगल्या कार्यक्रमात तीन चतुर्थांशांहून अधिक मुले बरी व्हावीत, मृत्यू दहा टक्क्यांच्या आत आणि मध्येच सोडून जाणारी मुले पंधरा टक्क्यांच्या आत असावीत. निकष उत्तम आहेत. पण ही टक्केवारी ज्यांची नोंद झाली आणि ज्यांचा शेवट कळला अशा मुलांची असते. लढाई आली, केंद्र बंद पडले, नोंदवह्या मागे राहिल्या, तर ती मुले बऱ्यांत नाहीत, मेलेल्यांत नाहीत, सोडून गेलेल्यांतही नाहीत. नव्वद टक्के मुले बरी झाल्याचा अहवाल खरा असू शकतो, आणि त्याच जिल्ह्यात बहुतेक कुपोषित मुले वाऱ्यावर सोडलेली असू शकतात.

तिसरी गोष्ट वेळेची. ‘दुष्काळ’ हा शब्द अधिकृतपणे वापरण्यासाठी दर पाचांतले एक कुटुंब अन्नाला पूर्ण मुकलेले, तीस टक्के मुले तीव्र कुपोषित आणि दर दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू अशा पातळ्या गाठाव्या लागतात. २०११ च्या दुष्काळात सोमालियात सुमारे दोन लाख अठ्ठावन्न हजार माणसे दगावली, त्यांतली निम्म्याहून जास्त पाच वर्षांखालची मुले. नंतरच्या अभ्यासात दिसले की जवळपास निम्मे मृत्यू जुलैतल्या घोषणेच्या आधीच झाले होते. मूल आठ आठवड्यांच्या उपचाराने वाचते आणि जग घोषणेची वाट बघत महिने घालवते.

५. सातत्य राखायचे कसे

उत्तर कागदावर नवीन नाही. ते अपवाद म्हणून वापरले जाते, नियम म्हणून नाही, हे दुखणे आहे.

केंद्र बंद पडले तरी उपचार चालू राहावा यासाठी ज्ञान केंद्राबाहेर न्यावे लागते. दंडघेराची पट्टी आईच्या हाती दिली तर आया जवळपास आरोग्य कर्मचाऱ्याइतकेच अचूक मोजतात, असे नायजरमधल्या अभ्यासांत दिसले आहे. शिवाय त्या लवकर मोजतात, त्यामुळे मूल दाखल करण्याच्या अवस्थेला जाण्याआधीच सापडते. दक्षिण सुदानात लिहिता-वाचता न येणाऱ्या गावकार्यकर्त्यांसाठी रंगांच्या आणि चित्रांच्या आधारे चालणारी साधने तयार झाली. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेनेही पुरेसे प्रशिक्षण आणि देखरेख असेल तर गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी उपचार करावा, असे मान्य केले. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या जेमतेम शिकलेल्या बायांना नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर घरात उपचार करायला शिकवले, त्यातून बालमृत्यू झपाट्याने उतरले, आणि तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. डॉक्टरविना घरात घडणारा उपचार तिथे सिद्ध झालेला आहे.

यालाच जोडून तीन कामे येतात. दर आठवड्याची भेट जिथे अशक्य आहे तिथे दोन किंवा चार आठवड्यांच्या पुड्या एकदम द्याव्यात. कोविडच्या काळात हे नाइलाजाने केले गेले, युद्धात तो पहिला पर्याय असावा. लढाई सरकते आहे असे दिसताच साठा एका गोदामात न ठेवता गावागावांत विखरून ठेवावा. आणि आईला तिच्या उपचाराचे कार्ड द्यावे, म्हणजे पळून दुसऱ्या छावणीत गेल्यावर चौथ्या आठवड्यापासूनच पुढे जाता येईल.

शेवटी जे लोक कधीच निघून जात नाहीत त्यांचा प्रश्न. सुदानमध्ये मोहल्ल्यातल्या तरुणांनी ‘आपत्ती प्रतिसाद कक्ष’ उभारले, त्यांची ‘तकाया’ म्हणजे सार्वजनिक स्वयंपाकघरे वेढ्यातही चालू राहिली. ज्वारी आणि मसूर, मोठे पातेले, रांग. आंतरराष्ट्रीय संस्थांची माणसे निघून गेली तेव्हा हेच टिकले. तरीही देणगीचा अगदी छोटा हिस्सा थेट त्यांच्यापर्यंत जातो, आणि २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत रोखताच त्यांची शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली. पकडले जाण्याचा आणि मारले जाण्याचा धोका त्यांनी घ्यायचा आणि पैसा दुसऱ्यांच्या खात्यातून यायचा, ही व्यवस्था बदलल्याशिवाय सातत्याची भाषा पोकळ राहील.

आक्षेप: पुड्या विकल्या जातील, भावंडांत वाटल्या जातील

जातील. छावणीजवळच्या बाजारांत या पुड्या विकायला मांडलेल्या दिसतात. पण त्या का विकल्या जातात? घरात पाच मुले आहेत आणि अन्न फक्त एकाच्या नावाने आले आहे. कोणतीही आई एका मुलाला पुडी देऊन चौघांना बघत बसवणार नाही, आणि तिने तसे करावे अशी अपेक्षा ठेवणेही चुकीचे आहे. उपाय म्हणजे कुपोषित मुलाच्या पुड्यांबरोबर बाकीच्या घराला धान्य किंवा रोख रक्कम. पुडी औषध म्हणून वापरली जावी असे वाटत असेल तर घराला जेवण मिळायला हवे. भीतीपोटी पुडी आठवड्याहून जास्त द्यायचीच नाही, हे धोरण थोडा गैरवापर टाळण्यासाठी अनेक मुलांचा उपचार तोडते.

आक्षेप: परदेशी पुडी कशाला, स्थानिक अन्न का नाही?

हा वाद भारताला चांगलाच ठाऊक आहे. २००९ मध्ये भारत सरकारने युनिसेफने मागवलेल्या पुड्यांना आक्षेप घेऊन त्या परत पाठवायला लावल्या. कंपन्यांच्या हातात मुलांचे अन्न जाऊ नये, गावातली भरडधान्ये आणि डाळी डावलल्या जाऊ नयेत, ही चिंता शांततेच्या देशात रास्त आहे. जिथे शेत, बाजार, चूल आणि अंगणवाडी चालू आहे तिथे ताजे शिजवलेले अन्न आणि देखरेख यांना प्राधान्य मिळालेच पाहिजे. सुदानात वा येमेनमध्ये मात्र चूलच विझलेली असते. तिथे सरपण, स्वच्छ पाणी आणि दिवसातून पाच वेळा भरवण्याइतका मोकळा वेळ यांवर अवलंबून नसलेले अन्न लागते. स्थानिक उत्पादनाचा आग्रह तरीही धरावाच, फक्त त्यासाठी सामिल कारखान्याचा धडा विसरू नये. एकाच राजधानीत एकच कारखाना असणे म्हणजे एकाच गोळ्यात सगळे गमावणे. दोन-तीन देशांत विखुरलेले छोटे कारखाने आणि शेजारच्या देशाशी आधीच केलेले करार अशी व्यवस्था युद्धाच्या काळात जास्त टिकाऊ ठरते.

आक्षेप: जबाबदारांची नावे घेतली तर दार बंद होईल

हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो सहज झटकून टाकता येत नाही. मार्च २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने सुदानचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्यावर अटकेचे वॉरंट काढले, आणि सुदानने लगोलग तेरा आंतरराष्ट्रीय संस्थांना देशाबाहेर काढले. दारफुरमधली असंख्य माणसे एका रात्रीत दवाखाने आणि पोषण केंद्रांना मुकली. म्हणून रेड क्रॉस बहुधा मौन पाळून, बंद दाराआड बोलून काम करते. तिच्या त्या मौनाची कदर करायलाच हवी, कारण ते मौन अनेकदा रस्ता उघडते.

पण यातून एवढेच सिद्ध होते की उपचार करणाऱ्याने आरोप करू नयेत. आरोप कोणीच करू नयेत, असे नाही. ही कामे वेगळ्या हातांनी व्हायला हवीत: नर्सने दंड मोजावा, आणि किती ट्रक कोणत्या नाक्यावर किती दिवस थांबले हे स्वतंत्र यंत्रणेने मोजून जाहीर करावे. कायदा तर तयार आहे. नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन करण्यास जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पुरवणी करारांनी मनाई केली. मे २०१८ मध्ये याच विषयावर सुरक्षा परिषदेचा ठराव २४१७ एकमताने संमत झाला. २०१९ मध्ये यादवी युद्धातली उपासमारही रोम करारात युद्धगुन्हा ठरवण्याची दुरुस्ती झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने इस्रायलचे पंतप्रधान बिन्यामिन नेतान्याहू आणि माजी संरक्षणमंत्री योआव गॅलंट यांच्यावर काढलेल्या वॉरंटमध्ये हा आरोप पहिल्यांदा ठळकपणे आला. या कायद्याला पुरावा लागतो, आणि पुरावा टनांच्या भाषेत उभा राहत नाही. ‘अन्न कमी गेले’ या विधानाला शंभर फाटे फुटतात. ‘या तारखेला या नाक्यावर ट्रक अडवल्यामुळे २,९०० मुलांचा उपचार अर्ध्यातून थांबला’ या विधानाला उत्तर द्यावे लागते.

आक्षेप: मदतीमुळे युद्ध लांबते

बियाफ्रापासून हा युक्तिवाद चालत आला आहे: विमाने उतरली, त्यांच्या शुल्कातून बंडखोरांना परकी चलन मिळाले, युद्ध रेंगाळले. धान्याच्या मोठ्या ताफ्यांबाबत यात तथ्य आहे. सैन्य गहू खाते, विकते, त्यावर कर घेते. उपचारी पुडीचे तसे नाही. ९२ ग्रॅमच्या लगद्यावर पलटण पोसली जात नाही. सातत्यावर आधारलेली, गावोगाव विखुरलेली, आईच्या हातून चालणारी व्यवस्था लुटायला मोठ्या गोदामापेक्षा कितीतरी अवघड असते. आणि अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्यांच्या धास्तीने सोमालियात अल-शबाबच्या भागातली मदत आटली तेव्हा युद्ध आवरले नाही. अल-शबाबनेही संस्थांवर बंदी घातली. दोन्ही बाजूंच्या मधे मुले अडकली.

पैशाचा मुद्दा

२०२४ च्या अंदाजानुसार जगात पाच वर्षांखालची ४ कोटी २८ लाख मुले तीव्र कुपोषित होती, त्यांतली १ कोटी २२ लाख अतितीव्र. २०२५ मध्ये अमेरिकेच्या ‘यूएसएड’चे दार बंद झाले. जगातल्या उपचारी पुड्यांचा फार मोठा ग्राहक एका आदेशासरशी गायब झाला. ऱ्होड आयलंड आणि जॉर्जियातल्या कारखान्यांत तयार माल पडून राहिला. एका वर्षाच्या अर्थसंकल्पावर आणि एका सरकारच्या मर्जीवर टांगलेली व्यवस्था आठ आठवड्यांची हमी देऊ शकत नाही, हे तेव्हा लख्ख दिसले. देणगीदार देशांनी किमान दोन वर्षांचे करार करावेत. ‘काम थांबवा’ असा आदेश आला तरी उपचार सुरू झालेल्या प्रत्येक मुलाचा कोर्स पूर्ण होईल इतकी रक्कम वेगळी काढून ठेवण्याची अट त्यांत असावी. औषधांच्या चाचण्यांत सहभागी रुग्णांना अर्ध्यात सोडता येत नाही, हा नियम जगाने फार पूर्वी मान्य केला आहे. तो नियम झमझममधल्या मुलांना लागू करायला वेगळे विज्ञान लागत नाही, अटीत एक कलम वाढवावे लागते. भारतासारख्या देशाला इथे नुसता प्रेक्षक राहण्याचे कारण नाही. शेंगदाणे, दूधभुकटी, साखर आणि औषधनिर्मितीची शिस्त हे सगळे इथे आहे, आणि भारतातल्या कारखान्यांतून युनिसेफला अशा पुड्या पुरवल्याही जातात. प्रश्न त्या पुड्या इथल्या बंदरावरून चाड किंवा एडनपर्यंत दर महिन्याला, न चुकता, पोहोचवण्याचा आहे.